अंदाज आणि ताळा

बेरीज, वजाबाकी, गुणाकार करताना अंदाज बांधावा लागत नाही. पाढे पाठ असले आणि हातचे नीट धरले की उत्तर आपोआप उतरत जाते. भागाकाराचे तसे नाही. ३५३ ला ५९ ने भागायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, कितीचा भाग जाईल? ५९ चा पाढा कोणी पाठ केलेला नसतो. मग आपण ५९ ला साठ धरतो, ३५ ला ६ ने भागून पाहतो, मनात पाच म्हणतो, गुणून वजा करतो आणि बाकी भाजकापेक्षा लहान आली म्हणजे पुढे सरकतो.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे शके १०७२ किंवा इ. स. ११५० च्या ग्रंथात, भागाकाराचा नियम अगदी थोडक्यात दिला आहे. भाज्याच्या वरच्या स्थानापासून सुरुवात करावी. भाजकाला ज्या संख्येने गुणले असता तो त्यातून वजा जातो ती संख्या म्हणजे फळ. दोघांना समान अवयवाने छेदता आले तर आधी छेदावे. नियमात खोट काढायला जागा नाही. फक्त 'ज्या संख्येने' ही संख्या शोधायची कशी, एवढे त्यात सांगितलेले नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण गणित करणाऱ्या माणसाला ती नजरेने दिसते. यंत्राला नजर नाही, आणि त्याच्यासमोरचा भाजक दोन अंकी नसून दोन लाख अंकी असू शकतो. हे पुस्तक त्या न सांगितलेल्या पायरीबद्दल आहे.

'कितीही अंकी संख्यांचा भागाकार' हा विषय ऐकायला आडवळणाचा वाटतो. रोजच्या हिशेबाला पंधरा-सोळा अंक पुरून उरतात. पण बँकेच्या संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या ब्राउझरला सहाशे-सहाशे अंकी संख्यांची बाकी काढावी लागते. बीजगणित सोडवणाऱ्या प्रणालीत अपूर्णांक अचूक ठेवायचे तर अंश आणि छेद पाहता पाहता हजारो अंकी होतात. आणि पायचे अंक मोजणाऱ्यांचे तर विचारूच नका. २०२२ साली एमा हारुका इवाओ यांनी पायचे शंभर लाख कोटी अंक काढले, तेव्हा वापरलेल्या चुडनोव्हस्की बंधूंच्या सूत्रात सगळी मालिका आधी दोन अवाढव्य पूर्णांकांत गोळा होते आणि शेवटी त्यांचा एक भागाकार उरतो. तो एक चुकला तर आधीचे सारे पाण्यात.

वेग हवा असेल तर अचूकतेत थोडी तडजोड करावी लागते, असे आपण सहज बोलून जातो. हवामानाच्या प्रारूपात किंवा छायाचित्रावरच्या प्रक्रियेत ते खरेही आहे. पूर्णांकांच्या भागाकारात त्याला वावच नाही: उत्तर एकच आहे, ते शेवटच्या अंकापर्यंत बरोबर असते किंवा चूक असते. तरीही वेग आणि अचूकता यांची ओढाताण इथे आहे, आणि ती उत्तरात नसून अंदाजात आहे. अंदाज फार काळजीपूर्वक केला तर त्यातच वेळ जातो. घाईने केला तर दुरुस्त्या वाढतात. या विषयात गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे काही चांगले काम झाले, ते माझ्या समजुतीप्रमाणे एकाच दिशेने झाले: अंदाज ढोबळच करा, पण तो जास्तीत जास्त किती चुकू शकतो हे आधी सिद्ध करून ठेवा. ती मर्यादा हातात असली की मग खुशाल घाई करावी.

वरच्या ३५३ भागिले ५९ याच उदाहरणाकडे जरा जवळून पाहू. यंत्राला सांगायला सर्वांत सोपा नियम म्हणजे दोघांचे वरचे अंक घ्या. ३५ भागिले ५, उत्तर सात. सात गुणिले एकोणसाठ म्हणजे चारशे तेरा, जास्त झाले. सहा घ्या: ३५४. एकने हुकले! पाच घ्या: २९५, बाकी ५८. म्हणजे अंदाज दोनने जास्त निघाला. आता ११९ भागिले १९ घ्या. वरच्या अंकांवरून ११ भागिले १, म्हणजे अकरा; अंक नऊच्या वर जाऊ शकत नाही म्हणून नऊ. खरे उत्तर सहा. इथे अंदाज तीनने चुकला, आणि संख्यालेखनाचा पाया दहाऐवजी अब्जावधींचा असता तर तो कितीही चुकला असता. दोष भाजकाच्या पहिल्या अंकाचा आहे. १ हा अंक १० पासून १९ पर्यंत कोणाचीही ओळख सांगतो. उपाय साधा आहे. दोन्ही संख्यांना पाचाने गुणा. ५९५ भागिले ९५: वरून ५९ भागिले ९, सहा. पहिल्याच फटक्यात बरोबर. भागाकार बदलला नाही, बाकी मात्र पाचपट झाली (५ ऐवजी २५), ती शेवटी पाचाने भागून घ्यायची.

डोनाल्ड कनूथ यांनी १९६९ साली 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग'च्या दुसऱ्या खंडात ही रीत 'अल्गोरिदम डी' या नावाने मांडली. तिच्या पोटात एक सुंदर प्रमेय आहे. भाजकाचा पहिला अंक पायाच्या निम्म्याहून कमी नसेल, तर वरच्या अंकांवरून केलेला अंदाज कमी कधीच येत नाही आणि जास्त आला तर फार तर दोनने. पाया दहा असो वा दोनाचा चौसष्टावा घात, भाजकाला तीन अंक असोत वा तीन लाख, मर्यादा दोनचीच. अंदाज करताना वरचे दोन-तीन अंक पाहायचे आणि बाकीच्या लाखो अंकांकडे ढुंकूनही पाहायचे नाही, आणि तरी चूक दोनच्या आत! शाळेत भागाकार शिकवताना हे कोणी सांगत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

कनूथ यांच्या रीतीत आणखी एक चाळणी आहे: भाजकाचा दुसरा अंकही पाहून घ्यायचा. ती लावली की दोनने चुकणारे अंदाज गळतात आणि एकने चुकणारेही बहुतेक गळतात. बहुतेक, सगळे नव्हेत. ४०७१ भागिले ५०९ करून पाहा. वरचे दोन अंक घेऊन ४०७ भागिले ५०, आठ. चाळणीतून आठ सहीसलामत सुटतो. पण आठ गुणिले ५०९ म्हणजे ४०७२, आणि आपल्याकडे आहेत ४०७१. वजाबाकी उणे एक. आता आठाचे सात करायचे आणि वजा केलेला भाजक एकदा परत मिळवायचा, बाकी ५०८. या पायरीला 'परत मिळवणी' म्हणू. पुस्तकभर हाच शब्द वापरला आहे.

परत मिळवणीची गंमत तिच्या दुर्मीळपणात आहे. ती लागण्याची शक्यता साधारण दोन भागिले पाया एवढी असते. दशमान पद्धतीत हाताने गणिते केली तर ती अधूनमधून भेटत राहते. ३२ बिटी पायावर ती सुमारे २१४ कोटी वेळांत एकदा येते. सेकंदाला एक कोटी भागाकार करणारे यंत्र यादृच्छिक संख्या देऊन चालू ठेवले तर चारेक मिनिटांत गाठ पडते. पाया ६४ बिटी केला की तेच यंत्र सुमारे २९ हजार वर्षे चालवावे लागेल. वेगासाठी पाया मोठा केला, पायऱ्या निम्म्या झाल्या, काम चौथाईवर आले, आणि त्याच हाताने एक पायरी अशा कोपऱ्यात गेली की सामान्य चाचणी तिथे पोचतच नाही. त्या ओळीत चूक राहिली तर ती वर्षानुवर्षे सुखाने नांदेल. कनूथ यांनी तेव्हाच बजावून ठेवले होते की या पायरीसाठी चाचणीच्या संख्या मुद्दाम घडवाव्या लागतात. ४०७१ आणि ५०९ ही जोडी तशीच मुद्दाम घडवलेली आहे. आठ गुणिले ५०९ मधून एक वजा केला, एवढेच. त्याच साच्याने ६४ बिटी जोड्या कशा पाडायच्या ते तिसऱ्या प्रकरणात आहे, आणि ज्यांना पुस्तकातले एकच प्रकरण वाचायचे आहे त्यांनी ते वाचावे.

जाता जाता 'वैदिक गणिता'बद्दल, कारण मराठी वाचक हा प्रश्न विचारणारच. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथातली ध्वजांक पद्धत हीच आहे: भाजकाचा पहिला अंक हाताशी ठेवायचा, उरलेले ध्वजासारखे वर लिहायचे, भाग पहिल्या अंकानेच द्यायचा आणि ध्वजांकांची वजावट पायरीपायरीने करत जायची. फ्रेंच गणिती फूरिए यांच्या मरणोत्तर, १८३१ साली निघालेल्या ग्रंथात याच कल्पनेचा भागाकार आहे. वेदांशी या पद्धतीचा संबंध जोडण्याला आधार नाही, हे तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले गणिती एस. जी. दाणी यांनी सविस्तर लिहिलेले आहे. त्या वादात मी शिरत नाही. पद्धत चांगली आहे. मात्र तिच्यातही अंदाज जास्त होतो, मध्येच उणे संख्या उभी राहते आणि अंक एकने खाली आणावा लागतो. क्लासमधली झटपट उदाहरणे बहुधा अशी निवडलेली असतात की तो प्रसंग येऊ नये.

अंदाजाची मर्यादा सिद्ध करून ठेवली, पण ती यंत्रात नीट उतरली नाही, तर काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण १९९४ चे आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेले थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ८२४६३३७०२४४१ आणि ८२४६३३७०२४४३ या जोडीपाशी त्यांचे आकडे जुळेनात. आपला प्रोग्रॅम, कंपायलर, मदरबोर्ड अशी एकेका संशयिताची झडती घेत ते काही महिन्यांनी इंटेलच्या नव्या पेंटियम प्रोसेसरपर्यंत पोचले आणि ३० ऑक्टोबरला त्यांनी ही गोष्ट इतरांना कळवली.

पेंटियममधला भागाकार स्वीनी, रॉबर्टसन आणि टोकर या तिघांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीने होत असे. तीत एक फार हुशार सोय आहे. पाया चारचा, पण भागाकाराचे अंक शून्य ते तीन न घेता उणे दोन ते अधिक दोन घ्यायचे. अंकांना असा उणे बाजूचा वाव दिला की या पायरीत थोडा जास्तीचा अंक निवडला तरी चालते, पुढची पायरी उणे अंक घेऊन तो फेडते. त्यामुळे बाकीचे आणि भाजकाचे वरचे मोजके बिट पाहून, एका तक्त्यातून अंक झटकन उचलता येतो. घाईला इथे अधिकृत परवाना आहे. पण परवान्याची हद्द तक्त्यात लिहिलेली असते, आणि पेंटियमच्या तक्त्यातल्या पाच मोक्याच्या घरांत अधिक दोनऐवजी शून्य राहून गेले होते. तिथे पाय पडला की अंदाज हद्दीबाहेर जाई आणि पुढच्या पायऱ्यांना तो फेडता येत नसे. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ चे उत्तर १.३३३८२ यायला हवे, ते १.३३३७३ येई. इंटेलच्या मते यादृच्छिक भागाकारांत हे नऊशे कोटींत एकदा घडे. तो आकडा खोटा नव्हता, पण नाइसलींच्या संख्या यादृच्छिक नव्हत्या, आणि गिऱ्हाइकाला शक्यतेचा हिशेब नको असतो. शेवटी सर्वांना चिप बदलून देण्याची घोषणा झाली आणि कंपनीने त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडला.

तेव्हा एक छोटी परीक्षा लोकांत फिरत होती. ४१९५८३५ मधून, ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ गुणिले ३१४५७२७, वजा करा. उत्तर शून्य यावे. सदोष पेंटियमवर २५६ येई. हा आपला शाळेतला ताळाच. अंदाज कुठे चुकला ते त्यातून कळत नाही, चुकला हे लगेच कळते.

आतापर्यंतच्या साऱ्या रीती एकेक अंक काढणाऱ्या आहेत, आणि त्यांची अडचण कामाच्या वाढीत आहे. दहा लाख अंकी भाजक ६४ बिटांच्या सुमारे ५२ हजार घरांत मावतो. त्याने वीस लाख अंकी संख्येला भागायला सुमारे २७० कोटी छोटे गुणाकार लागतात. सेकंदाला शंभर कोटींचा वेग धरला तर तीनेक सेकंद, काही बिघडत नाही. अंक शंभरपट करा: काम दहा हजारपट, साडेसात तास. इथे शाळेची रीत हात टेकते.

मग भागायचे कशाला? व्यस्त काढा आणि गुणा. गुणाकार वेगाने करण्याच्या युक्त्या १९६० साली मॉस्कोत कारात्सुबा यांच्यापासून सुरू झाल्या आणि १९७१ च्या श्योनहागे आणि श्ट्रासेन यांच्या रीतीने फार पुढे गेल्या. व्यस्त काढायला न्यूटनचे जुने सूत्र आहे, आणि त्यात भागाकार औषधालाही नाही. सातचा व्यस्त हवा आहे. अंदाज ०.१ धरा, किती वाईट आहे ते जाणूनबुजून. त्याला ७ ने गुणा, ०.७. २ मधून वजा करा, १.३. त्याने जुन्या अंदाजाला गुणा: ०.१३. पुन्हा तेच: ०.१४१७. पुन्हा: ०.१४२८४७७७. पुन्हा: ०.१४२८५७१४२२. आता उत्तराकडे न पाहता चुकीकडे पाहा. अंदाज गुणिले सात एकापासून किती दूर आहे? आधी ०.३, मग ०.०९, मग ०.००८१, मग ०.००००६५६१. प्रत्येक चूक आधीच्या चुकीचा वर्ग. म्हणजे बरोबर अंकांची संख्या दर फेरीला दुप्पट.

यातून दोन गोष्टी हाताला लागतात. पहिली, सुरुवातीच्या फेऱ्या पूर्ण लांबीने करण्यात अर्थ नाही. दहाच अंक बरोबर असणार तर वीस अंकांनी काम करा, पुढे चाळीस, पुढे ऐंशी. शेवटची फेरी तेवढी पूर्ण लांबीची. आधीच्या सगळ्या फेऱ्यांचा मिळून खर्च साधारण तिच्याएवढा. म्हणूनच स्टीफन कुक यांनी १९६६ च्या प्रबंधात दाखवून दिले की भागाकार गुणाकाराच्या मोजक्या पटींपेक्षा महाग नसतो. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ही रीत स्वतःला सावरते. मधल्या फेरीत एखादा अंक बिघडला तर पुढची फेरी त्या बिघडलेल्या संख्येलाच नवा अंदाज समजून दुरुस्त करते. एखादी फेरी वाया जाईल, उत्तर जाणार नाही. विल्यम शँक्स यांनी १८७३ साली पायचे ७०७ अंक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापाशी ही सवलत नव्हती. मेचिनच्या सूत्रासाठी ते पाचाच्या घातांचे व्यस्त पंचविसाने भागत भागत खाली उतरले, दर वेळी सातशेहून जास्त स्थाने. डी. एफ. फर्ग्युसन यांनी १९४० च्या दशकात वेगळ्या सूत्राने तपासले तेव्हा कळले की ५२८ व्या स्थानापासून पुढचे सारे अंक चूक आहेत. लांब भागाकारात एक पाऊल चुकले की पुढचे प्रत्येक पाऊल त्या चुकीवर इमानाने उभे राहते.

पण न्यूटनचा हा औदार्यभाव शेवटच्या फेरीला लागू नाही. तिच्यानंतर सावरायला कोणी नसते. शिवाय व्यस्त नेहमी खरा असतो त्याहून किंचित कमी येतो. वरचा ०.१४२८५७१४२२ घेऊन २१ ने गुणा: २.९९९९९९९८ आणि पुढे काही. पूर्णांक भाग घेतला तर २१ भागिले ७ बरोबर दोन! दहापैकी नऊ अंक बरोबर असलेल्या व्यस्ताने पहिलीतल्या मुलाला येणारे उत्तर चुकवले. पूर्णांक भाग घेण्याची क्रिया कड्यासारखी आहे. कड्याच्या टोकाशी केसभर चूक आणि हातभर चूक यांत फरक उरत नाही.

यावर दोन तऱ्हेचे इलाज चालतात. एक म्हणजे राखीव अंक: हवेत त्यापेक्षा दहा-वीस अंक जास्त काढायचे आणि शेवटी ते ९९९९९ किंवा ००००० असे संशयास्पद दिसले तरच थांबून विचार करायचा. हा इलाज स्वस्त आहे आणि जवळजवळ नेहमी पुरतो. दुसरा म्हणजे परत गुणून पाहणे: दोन गुणिले सात चौदा, २१ मधून गेले, उरले सात, बाकी भाजकाएवढी आहे, म्हणजे एक भाग अजून जातो, उत्तर तीन. हा इलाज एका मोठ्या गुणाकाराएवढा महाग आहे आणि नेहमीच पुरतो. माझे मत विचाराल तर ग्रंथालय लिहिणाऱ्याने, म्हणजे ज्याचा कोड अनोळखी माणसे वापरणार आहेत त्याने, पहिल्यावर कधीही थांबू नये. पहिल्याने निकाल स्पष्ट लागला तर दुसरा टाळावा, न लागला तर निमूटपणे गुणावे. ॲलन कार्प आणि पीटर मार्कस्टाइन यांनी १९९७ साली सुचवलेली युक्ती इथे उपयोगी पडते: व्यस्त निम्म्याच लांबीचा काढायचा, त्याने भाज्याला गुणून भागाकाराचा अंदाज घ्यायचा आणि न्यूटनची शेवटची फेरी थेट त्या भागाकारावर चालवायची. सगळ्यांत महागडी फेरी त्यामुळे बरीच स्वस्त होते.

छोट्या संख्यांना शाळेची रीत आणि प्रचंड संख्यांना न्यूटन, यांच्या मधला पट्टा फार रुंद आहे, आणि व्यवहारातल्या बऱ्याच संख्या तिथेच राहतात. त्या पट्ट्यासाठी झारब्र्युकेनच्या माक्स प्लांक संस्थेतून क्रिस्टोफ बर्निकेल आणि योआखिम त्सीग्लर यांनी १९९८ साली दिलेली रीत आहे. ती कनूथचीच, पण 'अंक' म्हणजे अर्धी संख्या असे समजून: अंदाज वरच्या अर्ध्यावरून, दुरुस्ती खालच्या अर्ध्याने, आणि तो अर्धा पुन्हा त्याच रीतीने. चुकीची मर्यादा इथेही दोनचीच निघते. जावाच्या आठव्या आवृत्तीपासून तिच्या मोठ्या पूर्णांकांत ही रीत आहे आणि भाजक २५६० बिटांच्या, म्हणजे सुमारे ७७० दशमान अंकांच्या, पुढे गेला की ती वापरात येऊ लागते. टॉर्ब्योर्न ग्रानलुंड यांच्या जीएमपी या ग्रंथालयात तर असे उंबरठे यंत्रागणिक वेगळे असतात. ते मोजून काढणारा वेगळा प्रोग्रॅम सोबत मिळतो. कागदावर कोणती रीत श्रेष्ठ आहे याला तिथे फारशी किंमत नाही.

रीत निवडण्यात हयगय झाली तर ती सुरक्षेचा प्रश्नही होते. द्विमान संख्या दशमानात छापणे म्हणजे दहाच्या घातांनी भागत जाणे. पायथनमध्ये ते काम अंकांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असे, आणि कोणी मुद्दाम प्रचंड संख्या पाठवून सर्व्हर अडकवू शके. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यावर मर्यादा आली: ४३०० अंकांपुढची संख्या मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय मजकुरात बदलता येत नाही. पुढे ३.१२ आवृत्तीत वेगवान भागाकारही आला, पण मर्यादा राहिली.

एक रीत मला व्यक्तिशः फार आवडते, कारण तिच्यात अंदाजच नाही. भाग निःशेष जाणार हे आधीच माहीत असेल तर भागाकार उजवीकडून सुरू करता येतो. ८५४७ भागिले ३७. शेवटचा अंक ७; सातच्या पाढ्यात शेवटी ७ कधी येतो? एकाला. ३७ वजा करा, ८५१०, शून्य सोडा, ८५१. शेवटी १ कधी? सात त्रिक एकवीस. १११ वजा, ७४०, म्हणजे ७४. शेवटी ४ कधी? सात दुणे चौदा. ७४ वजा, शून्य. अंक मिळाले १, ३, २, उत्तर २३१. परत मिळवणी नाही, वरच्या अंकांकडे पाहणे नाही. टुडोर जेबेलिआन यांनी १९९३ साली ही रीत मोठ्या पूर्णांकांसाठी व्यवस्थित मांडली. मोठ्या गुणाकारांच्या काही रीतींत मध्येच तीनने भागावे लागते आणि तो भाग निःशेष जाणार हे बीजगणितानेच ठरलेले असते. तिथे ती चपखल बसते. तिचा धोका तेवढाच सरळ आहे. ८५४७ ऐवजी ८५४८ दिले तरी ती बिनदिक्कत अंक काढत राहते, आणि मुद्दाम थांबून शेष तपासला नाही तर ते अंक निव्वळ कचरा आहेत याची कुठलीही सूचना मिळत नाही.

शेवटी ताळ्याबद्दल. नवांचा ताळा जुन्या पिढीला पाठ आहे: ४०७१ चे अंक मिळवून १२, मग ३. दुसऱ्या बाजूला ५०९ चा ५, गुणिले ७ म्हणजे ३५, म्हणजे ८. बाकी ५०८ चा ४. ८ आणि ४ बारा, म्हणजे ३. जुळले. मोठ्या गणनांत हाच ताळा नऊऐवजी एखाद्या मोठ्या मूळ संख्येने घेतात, उदाहरणार्थ दोनाचा एकसष्टावा घात वजा एक. नऊच्या ताळ्यातून नवांत एक चूक निसटू शकते. या ताळ्यातून निसटण्याची शक्यता सोडून देण्याइतकी कमी असते, आणि खर्च मूळ गणनेच्या मानाने नगण्य. मात्र हा ताळा अर्धाच आहे. भागाकार ६ आणि बाकी १०१७ लिहिली तरी तो जुळतो, कारण सहा गुणिले ५०९ अधिक १०१७ म्हणजे ४०७१ हे खरेच आहे. बाकी भाजकापेक्षा लहान आहे का, हे वेगळे पाहावे लागते. पुस्तकातल्या प्रत्येक रीतीच्या शेवटी म्हणून दोन तपासण्या दिल्या आहेत. कोणतीही एक गाळू नये.

वाचकाकडून दशमान गणित आणि थोडाफार प्रोग्रॅमिंगचा सराव एवढीच अपेक्षा आहे. सिद्धता दिल्या आहेत तिथे त्या वगळून पुढे जाता येईल, पण चुकीच्या मर्यादेच्या सिद्धता वगळू नयेत. त्या बहुतेक अर्ध्या पानाच्या आहेत. प्रोसेसरच्या आतल्या मंडलांचा विचार पेंटियमच्या प्रकरणापुरताच केला आहे. गुप्तलेखनात लागणारा, संख्या कोणतीही असो तेवढाच वेळ घेणारा भागाकार हा स्वतंत्र विषय आहे आणि तो इथे नाही.

राहता राहिल्या ऋण संख्या. उणे सातला दोनने भागले तर पायथन उणे चार आणि बाकी एक सांगतो, सी भाषा उणे तीन आणि बाकी उणे एक. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. या पुस्तकात बाकी कधीही उणे नसते, असे धरले आहे. ज्यांना सी चा नियम हवा त्यांनी शेवटच्या प्रकरणाच्या अखेरीस दिलेल्या चार ओळी जोडून घ्याव्यात.